साबू दस्तगीर

साबू दस्तगीर (जन्म : २७ जानेवारी १९२४, कारापूर, म्हैसूर संस्थान, मृत्यू : २ डिसेंबर १९६३, चॅट्सवर्थ, कॅलिफोर्निया) हे ब्रिटिश व अमेरिकन साहसपटांतून जगभर प्रसिद्धी पावलेले भारतीय अभिनेते होते. माहुताच्या घरात जन्मलेल्या साबू यांनी वयाच्या तेराव्या वर्षी प्रदर्शित झालेल्या पहिल्याच चित्रपटात प्रमुख भूमिका केली. ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९४०) व ‘जंगल बुक’ (१९४२) हे त्यांचे सर्वाधिक लोकप्रिय चित्रपट. १९४४ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलात कामगिरी बजावली.

त्यांच्या काळात लंडन व हॉलिवूड येथील चित्रसंस्था भारत, अरबस्तान, आफ्रिका आणि दक्षिण समुद्रातील बेटे यांवर साहसपट मोठ्या संख्येने काढत असत. त्यांतील पौर्वात्य पात्रे गोरे नट चेहऱ्याला तपकिरी रंग लावून वठवीत. या प्रथेला ठळक अपवाद ठरलेला एक चेहरा साबू यांचा होता. मात्र पडद्याने या अपवादाला जागा दिली ती लंगोटी नेसलेल्या, हत्तीवर बसणाऱ्या मुलाची. तो मुलगा मोठा झाल्यावर त्याचे काय करायचे हे त्या चित्रसृष्टीला कधी ठरवता आले नाही. साबू यांच्या उत्तरायुष्याची कहाणी बव्हंशी याच अडचणीची आहे.

नाव

चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव आयुष्यभर केवळ ‘साबू’ असेच येत राहिले. बहुतेक संदर्भग्रंथ त्यांचे पूर्ण नाव साबू दस्तगीर असे देतात आणि कायदेशीर व्यवहारातही ते हेच नाव वापरीत. तथापि ‘दस्तगीर’ हे मुळात त्यांचे थोरले बंधू शेख दस्तगीर यांचे नाव असून साबू यांचे जन्मनाव सेलार शेख साबू असावे, असे नंतरच्या संशोधनातून पुढे आले आहे. दस्तगीर या फार्सी शब्दाचा अर्थ हात धरणारा, आधार देणारा असा आहे. धाकट्या भावासोबत विलायतेला जाऊन पुढे त्यांचे व्यवहार सांभाळणाऱ्या शेख दस्तगीर यांना तो अन्वर्थक म्हणावा लागेल.

बालपण

साबू यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील कारापूर येथे एका मुस्लिम कुटुंबात झाला. कारापूर–काकनकोटे हा कबिनी नदीच्या आसपासचा अरण्यप्रदेश त्या काळी ‘खेडा’ या हत्ती पकडण्याच्या पद्धतीसाठी प्रसिद्ध होता. हाकाऱ्यांनी रानहत्तींचा कळप हळूहळू रेटत मजबूत लाकडी कुंपणात कोंडायचा, आणि मग माणसाळलेल्या हत्तींच्या मदतीने एकेकाला जेरबंद करायचे, अशी ही पद्धत. संस्थानचे पाहुणे म्हणून आलेले इंग्रज अधिकारी खेडा पाहायला आवर्जून जात. साबू यांचे वडील म्हैसूरच्या महाराजांच्या पदरी माहूत होते. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे साबू यांचे बालपण संस्थानच्या हत्तीखान्याच्या आश्रयाने गेले. हत्तीशी कसे बोलावे, त्याच्या सोंडेवरून पाठीवर कसे चढावे, हे त्यांना कोणा दिग्दर्शकाने शिकवले नाही. ते त्यांच्या घराण्याचे काम होते.

‘एलिफंट बॉय’

‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) व ‘मॅन ऑफ अरान’ (१९३४) या माहितीपटांमुळे गाजलेले अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टी १९३५ मध्ये म्हैसूरला आले. लंडनमधील हंगेरियन निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांच्यासाठी त्यांना रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘तूमाई ऑफ द एलिफंट्स’ या कथेवर चित्रपट काढायचा होता. हत्तींच्या सहवासात सहजतेने वावरणारा मुलगा ते शोधत होते. त्यांचे छायालेखक ऑस्मंड बोराडेल यांना संस्थानच्या हत्तीखान्यात साबू दिसले. त्या वेळी साबू सुमारे अकरा वर्षांचे होते आणि त्यांना इंग्रजी येत नव्हते. इरावत नावाच्या भव्य हत्तीला चित्रपटातील काला नागची भूमिका मिळाली. फ्लाहर्टी यांच्या पत्नी फ्रान्सिस यांनी या मुक्कामावर ‘एलिफंट डान्स’ हे पुस्तक लिहिले असून ते १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले.

फ्लाहर्टी यांना घाई ठाऊक नव्हती. पाऊस, प्राणी आणि माणसे यांचे ते महिनोन्‌महिने चित्रीकरण करीत राहिले आणि इकडे कोर्डा यांचा धीर सुटत गेला. अखेर मंडळी लंडनला परतली आणि कथानकाचा राहिलेला भाग अलेक्झांडर यांचे बंधू झोल्टन कोर्डा यांनी डेनहॅम येथील स्टुडिओत चित्रित केला. त्यामुळे ‘एलिफंट बॉय’ (१९३७) या चित्रपटाचे सरळ दोन तुकडे पडले आहेत. म्हैसूरच्या तुकड्यात खरे अरण्य, खरे हत्ती आणि खरी माणसे आहेत. डेनहॅमच्या तुकड्यात रंग लावलेले इंग्रज नट हिंदी माहुतांची भाषणे म्हणतात. तूमाईच्या वडिलांची भूमिका डब्ल्यू. ई. हॉलोवे या गोऱ्या नटाने केली आहे, तर माचुआ अप्पा झाले आहेत ॲलन जीस. मुलगा अस्सल आणि बाप रंगवलेला, हे दृश्य आज पाहताना खटकते. तेव्हाच्या पाश्चात्य प्रेक्षकाला त्यात वावगे वाटले नाही. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात फ्लाहर्टी व झोल्टन कोर्डा यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. प्रेक्षकांनी मात्र लक्षात ठेवले ते साबू यांना.

रंगवलेले चेहरे

साबू यांच्या यशाचे मोल कळण्यासाठी त्या काळची प्रथा थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. ‘एलिफंट बॉय’ आला त्याच वर्षी ‘द गुड अर्थ’ हा चिनी शेतकऱ्यांच्या जीवनावरील चित्रपट आला. त्यातील चिनी स्त्रीच्या भूमिकेसाठी लुइझ राइनर या युरोपीय अभिनेत्रीला ऑस्कर मिळाले. ॲना मे वाँग ही चिनी वंशाची नामवंत अभिनेत्री हॉलिवूडमध्ये हजर असतानाही ती भूमिका तिला मिळाली नव्हती. ‘द रेन्स केम’ (१९३९) मधील हिंदी डॉक्टर मेजर राम साफ्ती झाले टायरोन पॉवर. ‘गंगा दीन’ (१९३९) मधील भिश्त्याच्या भूमिकेसाठी प्रथम साबू यांचाच विचार झाला होता, पण कोर्डा यांनी आपला करारबद्ध नट दुसऱ्या संस्थेला देण्यास नकार दिल्याने ती भूमिका सॅम जॅफे या चाळिशी उलटलेल्या अमेरिकन नटाकडे गेली.

याहून बोलके उदाहरण कोर्डा यांच्याच संस्थेत होते. त्यांची आघाडीची नायिका मर्ल ओबेरॉन हिचा जन्म १९११ मध्ये मुंबईत झाला होता आणि ती मिश्र वंशाची होती. ही गोष्ट उघड झाली असती तर तिला गोऱ्या नायिकेच्या भूमिका मिळाल्या नसत्या. म्हणून तिचा जन्म ऑस्ट्रेलियातील टास्मानियात झाल्याचे सांगितले गेले आणि ही बतावणी ती जवळजवळ जन्मभर निभावत राहिली. एकाच निर्मात्याच्या छत्राखाली एका कलावंताला आपले भारतीयत्व डोक्यावरच्या फेट्यासारखे मिरवावे लागत होते आणि दुसरीला ते लपवावे लागत होते. दोघांच्याही बाबतीत निर्णय बाजाराचा होता.

‘द ड्रम’ आणि मुंबईतील निदर्शने

पहिल्या चित्रपटाच्या यशानंतर कोर्डा यांनी साबू यांना इंग्लंडमध्येच ठेवून घेतले. त्यांच्या शिक्षणाची सोय करण्यात आली. त्यांना डोळ्यांसमोर ठेवून ए. ई. डब्ल्यू. मेसन या कादंबरीकाराकडून नवी कथा लिहवून घेण्यात आली. हाच झोल्टन कोर्डा दिग्दर्शित रंगीत चित्रपट ‘द ड्रम’ (१९३८).

वायव्य सरहद्दीवरील टोकोट या काल्पनिक संस्थानात चुलता गुल हा राजाचा खून करून गादी बळकावतो. राजपुत्र अझीम (साबू) इंग्रजांच्या आश्रयाला जातो, पलटणीतील नगारा वाजवणाऱ्या एका इंग्रज पोराशी मैत्री करतो, आणि पुढे त्याच्याकडून शिकलेल्या इशाऱ्याच्या ठेक्याने इंग्रज तुकडीला दगाफटक्यापासून सावध करतो. गुलचे काम रेमंड मॅसी या कॅनेडियन नटाने केले होते. कथेतला चांगला हिंदी माणूस म्हणजे इंग्रजांवर विश्वास टाकणारा अजाण मुलगा, आणि वाईट हिंदी माणूस म्हणजे त्यांना घालवू पाहणारा प्रौढ पुरुष, अशी ही सरळ वाटणी आहे. साम्राज्यवादी विचार इतक्या नेटक्या रूपात क्वचितच मांडला गेला असेल.

मुंबई व मद्रास येथे ‘द ड्रम’ लागताच त्याविरुद्ध निदर्शने झाली. मुंबई इलाख्यात तेव्हा बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर होते आणि परदेशी चित्रपटांतून होणाऱ्या हिंदी लोकांच्या विटंबनेविषयी वृत्तपत्रांत चर्चा चालू होती. बाबूराव पटेल यांचे ‘फिल्मइंडिया’ हे मुंबईचे मासिक अशा चित्रपटांवर तुटून पडत असे. अखेर चित्रपटाचे प्रदर्शन थांबले. पुढच्याच वर्षी ‘गंगा दीन’वरही मुंबई व बंगालमध्ये बंदी आली.

या वादात चौदा वर्षांच्या साबू यांना दोष देणे अन्यायाचे होईल. कथा, संवाद, वेशभूषा यांपैकी कशावरही त्यांचा अधिकार नव्हता. परंतु त्यांना परदेशात मिळालेल्या यशाचे त्यांच्याच देशात निषेधाने स्वागत व्हावे, ही घटना त्यांच्या पुढील आयुष्यावर सावली टाकणारी ठरली. परक्यांना ते हिंदुस्थानचा चेहरा वाटत होते. हिंदुस्थानातील सुशिक्षितांना मात्र हा चेहरा परक्याने निवडलेला वाटत होता.

‘द थीफ ऑफ बगदाद’

साबू यांच्या अभिनयगुणांना खरा वाव मिळाला तो ‘द थीफ ऑफ बगदाद’ या चित्रपटात. त्याचे चित्रीकरण १९३९ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाले आणि युद्ध भडकल्यामुळे पुढे अमेरिकेत नेऊन पूर्ण करावे लागले. ग्रँड कॅन्यनच्या परिसरातील दृश्ये या स्थलांतराचे फळ होत. दिग्दर्शक म्हणून लुडविग बर्जर, मायकेल पॉवेल व टिम व्हेलन ही तीन नावे दिली जातात. साबू या कामासाठी अमेरिकेला गेले आणि पुढे तेथेच स्थायिक झाले.

राज्य गमावलेला तरुण राजा अहमद (जॉन जस्टिन) व बसऱ्याची राजकन्या (जून दुप्रे) यांची ही प्रेमकथा असली तरी चित्रपट उचलून धरतो तो अबू हा भुरटा चोर. तो कैदेतून पळ काढतो, बाटलीतल्या जिन्नला बाहेर काढतो, कोळ्याच्या प्रचंड जाळ्यावर चढून देवमूर्तीच्या कपाळावरचा डोळा आणतो. साबू यांच्या हालचालींत विलक्षण चापल्य आहे. ते धावतात तेव्हा पाय वाळूला लागतात की नाही असा संभ्रम पडावा. त्यांच्या हसण्यात खोडकरपणा आहे, पण लाचारी नाही, आणि त्या काळच्या पडद्यावरील ‘नेटिव’ पात्रांत ही गोष्ट दुर्मिळ होती.

जिन्नची भूमिका रेक्स इंग्रॅम या कृष्णवर्णीय अमेरिकन नटाने केली होती. चित्रपटाच्या मध्यभागात दीर्घकाळ पडद्यावर केवळ हे दोघे आहेत आणि सारी मौज त्यांच्या झटापटीत आहे. तीन इच्छा पुऱ्या करून जिन्न स्वातंत्र्य मिळवतो आणि मोठ्याने हसत निघून जातो. दोन गौरेतर नटांनी एका भव्य चित्रपटाचा भार असा वाहिल्याचे उदाहरण त्या दशकात शोधून सापडणार नाही.

शेवट मात्र ठरल्याप्रमाणेच होतो. राजाला राजकन्या मिळते. अबूला शाळेत घालून पुढे वजीर करण्याचा बेत राजा जाहीर करतो, तेव्हा शाळेचे नाव ऐकताच अबू जादूच्या गालिच्यावर बसून नव्या साहसाच्या शोधात उडून जातो. विद्यार्थीवर्गाला हा शेवट आवडत आला आहे, यात नवल नाही. पण वजीर होणे, मोठे होणे, राजवाड्यात स्थान मिळवणे हे अबूच्या वाट्याला येत नाही, हेही त्यातच आले. या चित्रपटाला छायालेखन, कला दिग्दर्शन व विशेष दृश्ये यांसाठी तीन ऑस्कर पुरस्कार मिळाले.

‘जंगल बुक’

कोर्डा बंधूंसाठी साबू यांनी केलेला अखेरचा चित्रपट म्हणजे ‘जंगल बुक’ (१९४२). किपलिंग यांच्या मोगलीकथा आजच्या मध्य प्रदेशातील सिवनीच्या अरण्यात घडतात. महाराष्ट्राच्या सीमेवरील पेंचचे जंगल याच पट्ट्यातले. चित्रपटाचे अरण्य मात्र कॅलिफोर्नियात उभारलेले होते. बुलदेव शिकारी झाले माल्टा येथे जन्मलेले जोसेफ कॅलेया आणि मोगलीची आई मेसुआ झाली रोझमेरी डीकँप ही अमेरिकन अभिनेत्री. ‘एलिफंट बॉय’मधील गोष्ट येथे पुन्हा घडली : मुलगा खरा, गाव रंगवलेले.

आगीच्या तांडवानंतर मोगली माणसांकडे पाठ फिरवून अरण्यात परततो. या चित्रपटाला चार ऑस्कर नामांकने मिळाली. मिक्लोश रोझा यांच्या संगीताच्या तबकड्या साबू यांच्या निवेदनासह बाजारात आल्या, आणि चित्रपटाचे पार्श्वसंगीत अशा रीतीने विकले जाण्याचा अमेरिकेतील तो आरंभीचा प्रसंग होय.

युनिव्हर्सलचे साहसपट

यानंतर साबू युनिव्हर्सल या संस्थेकडे गेले. मारिया माँतेझ व जॉन हॉल या जोडीसोबत त्यांनी ‘अरेबियन नाइट्स’ (१९४२), ‘व्हाइट सॅव्हेज’ (१९४३) व ‘कोब्रा वुमन’ (१९४४) हे भडक रंगांचे, सैल कथानकांचे करमणूकपट केले. यांत ते नायकाचे मित्र किंवा सेवक असतात. निरोप पोचवणे, कुलूप तोडणे, ऐनवेळी दोर सोडणे ही त्यांची कामे. वीस वर्षांच्या आसपासचा देखणा, लोकप्रिय नट असूनही प्रणयप्रसंग त्यांच्या वाट्याला येत नाहीत.

याचे कारण केवळ कथालेखकांची उणीव नव्हती. हॉलिवूडच्या चित्रसंस्थांनी १९३४ पासून कडकपणे पाळलेल्या आचारसंहितेत गोऱ्या व काळ्या व्यक्तींतील प्रेमसंबंध दाखवण्यास मनाई होती. नियमाची अक्षरे एवढ्यापुरतीच असली तरी निर्माते इतर गौरेतरांच्या बाबतीतही तीच सावधगिरी बाळगत. नायिका गोरी असणार हे गृहीत. मग तिचा नायकही गोराच हवा. हा हिशेब एकदा मांडला की साबू यांच्यासारख्या नटासाठी उरतो तो मित्र, सेवक किंवा मूल.

नागरिकत्व व युद्धसेवा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय व्यक्ती कायद्याच्या अर्थाने गोरी नसल्याने तिला नागरिकत्व घेता येणार नाही, असा निर्णय दिला होता. हा अडसर सर्वसाधारण भारतीयांसाठी १९४६ च्या कायद्याने दूर झाला. युद्धकाळात मात्र सैन्यात सेवा करणाऱ्या परदेशी व्यक्तींसाठी नियम शिथिल करण्यात आले होते. साबू यांना जानेवारी १९४४ मध्ये नागरिकत्व मिळाले. गोऱ्या नटाला तासाभराच्या रंगभूषेत भारतीय होता येत होते. भारतीयाला मात्र त्या देशाचा नागरिक होण्यासाठी महायुद्ध व्हावे लागले.

अमेरिकेच्या हवाई दलात ते ‘बी-२४ लिबरेटर’ या बाँबफेकी विमानावर तोफची झाले. विमानाच्या पोटाखालच्या गोलाकार खोपटीत किंवा शेपटीकडच्या टोकाला बसून शत्रूच्या विमानांवर मारा करणे हे त्यांचे काम होते. या दोन्ही जागा अत्यंत धोक्याच्या मानल्या जात. पॅसिफिक आघाडीवर ३०७ व्या बाँबर गटातून त्यांनी कित्येक डझन मोहिमांत भाग घेतला आणि त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे शौर्यपदक मिळाले. पडद्यावर ज्याला कोणी मोठे होऊ दिले नाही, तो इकडे खऱ्या युद्धात खरी जोखीम पत्करत होता.

‘ब्लॅक नार्सिसस’

युद्धाहून परतल्यावर मिळालेली एकमेव उल्लेखनीय भूमिका मायकेल पॉवेल व एमेरिक प्रेसबर्गर यांच्या ‘ब्लॅक नार्सिसस’ (१९४७) मधील दिलीप राय या तरुण सेनापतीची. हिमालयातील जुन्या राजवाड्यात शाळा व दवाखाना चालवणाऱ्या इंग्रज जोगिणींकडे हा रत्नजडित पोशाख केलेला तरुण शिकण्यासाठी येतो. त्याने लावलेल्या विलायती अत्तराच्या नावावरून चित्रपटाचे शीर्षक आले आहे. कांची या गावच्या मुलीशी त्याचे सूत जुळते आणि तो तिला घेऊन निघून जातो. साबू यांच्या वाट्याला आलेल्या मोजक्या प्रणयभूमिकांपैकी ही एक. पण कांचीचे काम जीन सिमन्स या इंग्रज अभिनेत्रीने तपकिरी रंग लावून केले आहे. हिमालयही रंगवलेलाच आहे, कारण संपूर्ण चित्रीकरण इंग्लंडमध्ये, मुख्यतः पाइनवुड स्टुडिओत झाले. भारत स्वतंत्र होण्याच्या काही महिने आधी लंडनमध्ये प्रदर्शित झालेला, गोऱ्यांनी हिंदी पहाडावरून माघार घेण्याची कथा सांगणारा हा चित्रपट आजही अभ्यासला जातो.

त्याच वर्षीच्या ‘द एंड ऑफ द रिव्हर’ मध्ये साबू ब्राझीलमधील आदिवासी तरुण झाले. आतापर्यंत त्यांनी म्हैसूरचा माहूत, सरहद्दीवरचा राजपुत्र, बगदादचा चोर, दक्षिण समुद्रातला बेटवासी आणि आता ॲमेझॉनकाठचा रहिवासी अशा भूमिका केल्या होत्या. सावळा वर्ण असला की देश कोणताही चालतो, हा त्यामागील हिशेब उघड आहे.

उतरता काळ

१९ ऑक्टोबर १९४८ रोजी साबू यांनी मॅरिलिन कूपर या अभिनेत्रीशी विवाह केला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी झाली. जिम कॉर्बेट यांच्या पुस्तकाचे जवळजवळ केवळ नावच घेतलेला ‘मॅन-ईटर ऑफ कुमाऊँ’ (१९४८) व ‘साँग ऑफ इंडिया’ (१९४९) हे चित्रपट फारसा प्रभाव पाडू शकले नाहीत. १९५२ मध्ये ते लंडनच्या हॅरिंगे सर्कशीत हत्तींचे खेळ करताना दिसले. त्याच वर्षी इटलीत व्हित्तोरिओ दे सीका यांच्यासोबत त्यांनी एक विनोदी चित्रपट केला. तुटपुंज्या पगारावर संसार रेटणाऱ्या शाळामास्तराला हत्ती भेट देणाऱ्या भारतीय राजाची त्यात भूमिका होती. कल्पना गमतीची आहे, पण हत्ती काही सुटला नाही.

पुढे ‘जंगल हेल’ (१९५६) आणि ‘साबू अँड द मॅजिक रिंग’ (१९५७) अशा स्वस्तातल्या चित्रपटांत त्यांच्या पात्राचे नावच साबू असे ठेवले गेले. यांपैकी पहिल्यात बत्तीस वर्षांचा, एका मुलाचा बाप असलेला हा माजी सैनिक अजूनही ‘जंगलचा मुलगा’ होता. उपजीविकेसाठी त्यांनी भावासह फर्निचरचे दुकान काढले होते. तेथे पडलेल्या दरोड्यात शेख दस्तगीर मारले गेले.

‘मदर इंडिया’ची हुकलेली संधी

मुंबईचे निर्माते-दिग्दर्शक मेहबूब खान यांनी आपल्या नव्या चित्रपटातील बिरजू या बंडखोर मुलाच्या भूमिकेसाठी साबू यांची निवड केली. त्यांना लॉस एंजेलिसहून मुंबईला आणण्यात आले, हॉटेलात त्यांची व्यवस्था करण्यात आली आणि मानधनही सुरू झाले. परंतु चित्रीकरण लांबत गेले. शिवाय साबू आता अमेरिकन नागरिक असल्याने भारतात काम करण्यासाठी परवाना लागत होता आणि तो मिळण्यात अडथळे आले. अखेर त्यांना या प्रकल्पातून वगळावे लागले. ती भूमिका सुनील दत्त यांच्याकडे गेली. हाच ‘मदर इंडिया’ (१९५७).

बिरजू हा मोगली किंवा अबू नव्हे. तो संतापतो, सावकाराविरुद्ध शस्त्र उचलतो आणि स्वतःच्या आईच्या हातून मरतो. साबू यांना इतकी गुंतागुंतीची भूमिका पूर्वी कोणी देऊ केली नव्हती. त्यांनी ती कशी केली असती याचा तर्क करता येणार नाही. पण जन्मभर भारतीय म्हणूनच पडद्यावर वावरलेल्या या नटाला स्वतंत्र भारताच्या चित्रसृष्टीत एकदाही काम करता आले नाही, ही वस्तुस्थिती आहे. ज्या शहरात १९३८ मध्ये ‘द ड्रम’विरुद्ध निदर्शने झाली होती, त्याच शहरातून त्यांना काही न करता परतावे लागले.

अखेर

१९६० मध्ये हॉलिवूडच्या ‘वॉक ऑफ फेम’ या पदपथावर साबू यांच्या नावाचा तारा बसवण्यात आला. ‘रँपेज’ (१९६३) या शिकारपटात व डिस्नेच्या ‘अ टायगर वॉक्स’ या चित्रपटात त्यांना दुय्यम भूमिका मिळाल्या. २ डिसेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. हॉलिवूड हिल्स येथील फॉरेस्ट लॉन दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. ‘अ टायगर वॉक्स’ त्यांच्या मृत्यूनंतर १९६४ मध्ये प्रदर्शित झाला.

स्मरण

अमेरिकन गायक-गीतकार जॉन प्राइन यांनी १९७८ मध्ये साबू यांच्यावर एक गीत रचले. ‘एलिफंट बॉय’च्या प्रचारासाठी हिवाळ्यात मिनेसोटातील शहरांत एकट्याने पाठवलेला, घरच्या आठवणीने व्याकूळ झालेला मुलगा त्यात दिसतो. २०११ मध्ये अमेरिकेतील क्रायटेरियन या संस्थेने ‘एलिफंट बॉय’, ‘द ड्रम’ व ‘जंगल बुक’ यांचा संच त्यांच्या नावाने प्रकाशित केला.

डिस्नेच्या ‘अलादीन’ (१९९२) या व्यंगचित्रपटाने ‘द थीफ ऑफ बगदाद’मधून बरेच काही उचलले आहे. दुष्ट वजीर जाफर हे नाव तिथलेच. अबू हे नावही तिथलेच. मात्र चोरीचे काम व नायकपद अलादीनकडे गेले असून अबू हे नाव त्याच्या खांद्यावर बसणाऱ्या माकडाला देण्यात आले आहे.